भडोचच्या चितेवरून उठलेला प्रधानपुत्र अमरावतीच्या रिद्धपूरला आला आणि चक्रधर स्वामी झाला

गुजरातमधलं भडोच. तेरावं शतक नुकतंच कुठं सुरू झालेलं. प्रधानाचा तरणाताठा मुलगा आजारी पडून गेलाय. घरात रडारड, बायकोचा आक्रोश, बापाचा धीर सुटलेला. तिरडी स्मशानात पोहोचते, चिता रचली जाते. आता अग्नी द्यायचा, तेवढ्यात प्रेत हलतं. मुलगा डोळे उघडतो आणि उठून बसतो.

लोक जल्लोष करत त्याला घरी घेऊन जातात. बापाला मुलगा परत मिळाला, बायकोला नवरा परत मिळाला. निदान त्यांना तसं वाटलं.

कारण गोष्ट सांगणारे म्हणतात की उठलेला माणूस तो नव्हताच. शरीर त्याचं होतं, आत कुणी दुसरंच आलं होतं.

या मुलाचं नाव हरिपाळदेव. पुढे हाच चालत चालत वऱ्हाडात आला, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला त्याला गुरू भेटला आणि चक्रधर हे नाव मिळालं. महानुभाव पंथाचे संस्थापक, ज्यांच्या आठवणींतून मराठीतला पहिला गद्य ग्रंथ तयार झाला, ते चक्रधर स्वामी. शाळेत लीळाचरित्र, म्हाइंभट, महानुभाव असे तीन शब्द आपण पाठ करतो आणि पेपर झाला की विसरतो. पण या चरित्राच्या सुरुवातीला एक मरण आहे आणि शेवटाला दुसरं. दोन्ही वेळा माणूस मेलेला राहिला नाही, असं मानणारे लाखो लोक आजही आहेत.

मेलेला माणूस उठला म्हटलं की जगात बहुतेकांना आधी आठवतं ते बायबल. तिथं अशा बऱ्याच गोष्टी आहेत. याईर नावाच्या माणसाची बारा वर्षांची मुलगी येशू हात धरून उठवतो. नाईन गावच्या वेशीवर एका विधवेच्या एकुलत्या एक मुलाची अंत्ययात्रा चाललेली असते, ती तो थांबवतो आणि पोरगा तिरडीवर उठून बसतो. भडोचच्या प्रसंगाशी हा सगळ्यात मिळताजुळता. तिसरा लाजर. त्याला थडग्यात ठेवून चार दिवस झालेले असतात, तरी तो गुंडाळलेल्या कापडांसकट बाहेर येतो. आणि शेवटी स्वतः येशू. शुक्रवारी क्रुसावर मरण आणि रविवारी पहाटे रिकामी कबर.

यात एक बारीक फरक आहे, तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. याईरची मुलगी, विधवेचा मुलगा, लाजर हे सगळे आपापल्या जुन्या आयुष्यात परत आले. म्हणजे पुढं कधीतरी त्यांना पुन्हा मरायचंच होतं. लाजरला तर उठल्यावरही धोका होता, कारण त्याच्यामुळे लोक येशूकडे वळतायत म्हणून त्यालाही मारायचा बेत झाल्याचं योहानाच्या शुभवर्तमानात येतं. येशूचं उठणं मात्र वेगळं. तो परत मरत नाही. अंगावरच्या जखमा दाखवतो, शिष्यांसमोर मासा खातो, पण कधी त्याचीच माणसं त्याला ओळखत नाहीत. चाळीस दिवसांनी तो वर जातो. मराठी ख्रिस्ती लोक यालाच पुनरुत्थान म्हणतात. पुनर्जन्म आणि पुनरुत्थान यात गल्लत करायची नाही. पुनर्जन्मात जीव तोच आणि शरीर नवं. पुनरुत्थानात तोच माणूस, त्याच शरीरासकट.

भडोचची गोष्ट या दोन्हींत बसत नाही. इथं शरीर तेच राहिलं आणि आतला बदलला. याला आपल्याकडे जुना शब्द आहे, परकायाप्रवेश. शंकराचार्यांनी अमरू राजाच्या मृत शरीरात शिरून संसाराचा अनुभव घेतला, ही दंतकथा त्याच जातीची.

मग हरिपाळदेवाच्या शरीरात कोण आलं?

महानुभावांच्या परंपरेप्रमाणे ते होते चांगदेव राऊळ. (ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवणारे आणि मुक्ताबाईला गुरू करणारे चांगदेव हे नव्हेत, ते वेगळे.) हे मूळचे फलटणचे, पंथात त्यांना चक्रपाणी म्हणतात. फलटण सोडून ते द्वारावतीला, म्हणजे द्वारकेला जाऊन राहिले. हातात खराटा घेऊन रस्ते झाडायचे, केर सुपात भरून गोमतीत टाकायचे. एक हठयोगिनी त्यांच्या गुहेशी आली आणि त्यांच्या संगाचा हट्ट धरून बसली. त्यांना ते मान्य नव्हतं. दारात आलेल्या बाईवर जबरदस्ती करायची नाही आणि स्वतःही झुकायचं नाही, म्हणून त्यांनी देहच टाकला. त्याच सुमाराला भडोचात हरिपाळदेव गेला होता. चांगदेवांनी ते रिकामं झालेलं शरीर घेतलं.

म्हणूनच पंथात चक्रधरांचा जन्मदिन नाही, अवतार दिन असतो. भाद्रपद शुद्ध द्वितीया. आठशे वर्षं झाली म्हणून काही वर्षांपूर्वी पंथाने त्याची अष्टशताब्दी साजरी केली, ती 1221 हे साल धरून.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. भडोचच्या स्मशानातला प्रसंग बघणारा एकही साक्षीदार लीळाचरित्रात बोलत नाही. चक्रधरांच्या एकटेपणाच्या काळातल्या ज्या हकिगती ग्रंथात आहेत, त्या त्यांनी स्वतः पुढे शिष्यांना सांगितल्या आणि शिष्यांनी लक्षात ठेवल्या. म्हणजे या उठण्याचा आपल्यापर्यंत आलेला साक्षीदार एकच, स्वतः उठलेला माणूस. ज्याची श्रद्धा आहे त्याला याहून मोठा पुरावा नको. ज्याची नाही, तो म्हणेल की पोरगा बेशुद्ध होता आणि वेळेवर शुद्धीवर आला. दोघांनाही एक मान्य करावं लागतं, की उठल्यानंतर हा मुलगा त्या घरात टिकला नाही.

सुरुवातीला तो टिकला. प्रधानाच्या घरातलं सुखाचं आयुष्य होतं. बायकोचं नाव कमळाइसा. मुलगा जुगार खेळायला लागला आणि एक दिवस मोठा हरला. देणेकरी अडून बसले. तो घरी आला आणि कमळाइसेकडे तिचे दागिने मागितले. तिनं दिले नाहीत. पैसे पुढे बापाने भरले, पण त्याच्या मनातून संसार उतरला.

या प्रसंगात कमळाइसेला खलनायिका करायची सवय आहे. ती सोडून द्यावी. जुगाराच्या कर्जासाठी अंगावरचं सोनं काढून द्यायला कुठलीही बाई नाहीच म्हणेल. शिवाय तिच्या बाजूनं बघितलं तर गोष्ट फार वाईट आहे. नवरा गेला, परत आला आणि परत गेला. यावेळी चितेवर नाही, यात्रेला.

ती यात्रा होती रामटेकची. त्यानं वडिलांकडे रामाच्या दर्शनाची परवानगी मागितली. एकदा मुलगा गमावलेला बाप, तो सहजासहजी कसा सोडेल? शेवटी परवानगी मिळाली, पण सोबत नोकरचाकर आणि घोडी देऊन. वाटेत त्यानं एकेक करून सोबतीची माणसं मागे टाकली आणि एकटाच निघाला. रामटेकची वाट वऱ्हाडातून जाते. वऱ्हाडात लागलं रिद्धपूर.

रिद्धपूर आज अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात आहे. तेव्हा तिथं एक अवलिया राहत होता, गुंडम राऊळ. पंथात त्यांना गोविंदप्रभू म्हणतात. लहानपणी आईवडील गेलेले, मावशीनं सांभाळलेलं. गावातले काही लोक त्यांना वेडा समजायचे, काही देव. कुणाच्याही घरात शिरायचे, हवं ते खायचे, मनात येईल तिथं खेळत बसायचे. जातीचा विटाळ हा प्रकारच त्यांना ठाऊक नव्हता. अशा माणसाची आणि भडोचच्या प्रधानपुत्राची गाठ पडली ती देवळात नाही, भर बाजारात. गोविंदप्रभू काहीतरी खात होते, त्यातलंच उष्टं त्यांनी समोर उभ्या असलेल्या या परक्या तरुणाला प्रसाद म्हणून दिलं. तेवढ्यात दीक्षा झाली. पंथ मानतो की ज्ञानशक्ती त्याच क्षणी मिळाली, आणि चक्रधर हे नावही इथलंच.

बघायला गेलं तर चितेवरच्या उठण्यापेक्षा हा प्रसंग किती साधा आहे. पण चरित्र खरं फिरतं ते इथं. भडोचात शरीर मिळालं, काम रिद्धपुरात मिळालं.

यानंतर ते साळबर्डीच्या डोंगरात गेले. मोर्शीच्या वर, आजच्या मध्य प्रदेशच्या सीमेवर हा डोंगर आहे. तिथं बारा वर्षं एकांतात काढली असं परंपरा सांगते. या काळातली सशाची गोष्ट तर फार प्रसिद्ध आहे. शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला एक ससा पळत येऊन त्यांच्या मांडीखाली लपला. शिकारी मागून आले आणि आपली शिकार मागायला लागले. चक्रधरांनी ना शाप दिला, ना चमत्कार केला. त्यांना समोर बसवून समजावलं, की जो भिऊन आपल्यापाशी आलाय त्याला मारायला कसं द्यायचं. शिकारी ससा सोडून गेले.

एकांत संपवून ते पैठणला आले, संन्यास घेतला आणि शिष्य जमायला लागले. लीळाचरित्राचे भागही याच हिशेबानं पाडलेत. एकांक म्हणजे एकटे होते तेव्हाचा काळ, पूर्वार्ध म्हणजे पट्टशिष्य नागदेव येण्याआधीचा आणि उत्तरार्ध म्हणजे त्यानंतरचा. पैठण, मेहकर, लोणार, गोदाकाठ, अशी सारखी पायपीट चालू. सोबत माणसं होती तशा बायकाही होत्या आणि तीच पहिली अडचण ठरली. बाइसा, महदाइसा या नुसत्या पाया पडायला येणाऱ्या नव्हत्या. त्या प्रश्न विचारायच्या, वाद घालायच्या. बाईच्या पाळीत विटाळ कसला, नाकातून शेंबूड येतो तसाच तो शरीराचा धर्म आहे, अशा अर्थाचं उत्तर चक्रधरांनी तेराव्या शतकात दिलंय. अस्पृश्य मानलेल्या माणसाकडून आलेला लाडू त्यांनी प्रसाद म्हणून सगळ्यांना वाटला, ब्राह्मण शिष्यांनाही. आणि हे सगळं ते लोकांच्या मराठीत बोलायचे.

देवगिरीच्या यादवांच्या राज्यात हे चाललं होतं. रामदेवरायाचा प्रधान होता हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत. व्रतं, दानं, प्रायश्चित्तं यांवर त्यानं चतुर्वर्गचिंतामणी हा प्रचंड संस्कृत ग्रंथ केला. एका बाजूला तो ग्रंथ आणि दुसऱ्या बाजूला विटाळच नाकारणारा हा संन्यासी. हे फार दिवस जमणार नव्हतं.

चक्रधरांवर पैठणला सभा बसवली गेली. ठपका मुख्यतः बायकांवरून होता. शिक्षा म्हणून त्यांचं नाक कापल्याचं लीळाचरित्राच्या पोथ्यांमध्ये येतं. यापुढचं मात्र सगळ्या पोथ्यांत सारखं नाही.

काही पोथ्यांप्रमाणे राजाच्या माणसांनी त्यांना पुन्हा धरलं आणि त्यांचा शिरच्छेद केला. त्यानंतरही ते उठले आणि उत्तरेकडे निघून गेले. काही पोथ्यांत शिरच्छेदाचा भागच नाही, स्वामी शिष्यांचा निरोप घेऊन उत्तरेला जातात. हा काळ 1272 ते 1274 च्या दरम्यानचा. पंथात याला उत्तरापंथे गमन म्हणतात. निधन, समाधी, पुण्यतिथी यातला एकही शब्द वापरत नाहीत, कारण श्रद्धेप्रमाणे ते गेलेलेच नाहीत. ते हिमालयाच्या बाजूला आजही आहेत.

हा वाद जुन्या कागदांपुरता राहिलेला नाही. बुलडाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे विष्णू भिकाजी कोलते हे महानुभाव साहित्याचे फार मोठे अभ्यासक, नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूही होते. त्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने 1978 साली छापलं आणि त्यातल्या काही लीळांवर पंथातून तीव्र आक्षेप आले. आपल्या देवाचं नाक कापलं, डोकं उडवलं असं छापील पुस्तकात वाचणं भक्ताला कसं वाटत असेल, हे समजण्यासारखं आहे. आणि पोथीत जे आहे ते छापायचं, ही अभ्यासकाची बाजूही समजण्यासारखी आहे.

गंमत म्हणजे बायबलचीही अडचण नेमकी हीच, आणि तीही नेमकी शेवटाला. मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या शतकातल्या दोन सगळ्यात महत्त्वाच्या हस्तलिखितांत येशू उठल्यानंतर कुणालाच भेटत नाही. बायका कबरीपाशी जातात, ती रिकामी दिसते, येशू उठलाय असं त्यांना सांगितलं जातं, त्या घाबरून पळतात आणि ग्रंथ तिथंच संपतो. आज छापील बायबलमध्ये पुढच्या ज्या बारा ओळी दिसतात, त्या नंतर जोडल्या गेल्या असं बहुतेक अभ्यासक मानतात. गुरूच्या शेवटाशी आलं की लिहिणाऱ्याचा हात थबकतो, मग तो गालीलचा असो की गोदाकाठचा.

गुरू निघून गेल्यावर शिष्यांचं जे व्हायचं तेच झालं. नागदेव, ज्यांना पंथात भटोबास म्हणतात, ते दुःखानं पार कोसळले. बाकीच्यांची पांगापांग झाली. पण चक्रधरांनी जाण्याआधी सांगून ठेवलं होतं, की माझ्यामागे रिद्धपूरला गोविंदप्रभूंपाशी राहा. म्हणून हळूहळू सगळे तिथं गोळा झाले. ज्या वेड्या अवलियानं बाजारात उष्टा प्रसाद दिला होता, तो अजून होता. त्यांची सेवा करत ही माणसं सावरली. महदाइसेनं आपले धवळे इथंच रचले, आणि मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री म्हणून आज तिचं नाव घेतात.

या मंडळींत म्हाइंभट होते. नगर जिल्ह्यातल्या सराळ्याचे, मोठे विद्वान, श्रीमंत आणि तेवढेच गर्विष्ठ. चक्रधरांना वादात हरवायला म्हणून आले होते आणि स्वतःच हरले होते. एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, की भटोबास स्वामींच्या आठवणी मनातल्या मनात घोळवत बसतात. ही माणसं गेली की आठवणीही जाणार. मग त्यांनी ठरवलं, सगळं लिहून काढायचं. कोण कुठं असेल तिथं जाऊन विचारायचं, आलेलं भटोबासांना दाखवायचं आणि त्यांनी मान्य केलं तर ठेवायचं. एकाच प्रसंगाची दोघांची आठवण वेगळी निघाली, तर दोन्ही नोंदवायच्या आणि कुणाची कुठली तेही लिहायचं. रिद्धपूरजवळच्या वाजेश्वरी या ठिकाणी हे काम झालं, साधारण 1278 साली.

येशूच्या उठण्याबद्दलचा सगळ्यात जुना लेखी उल्लेख पौलाच्या पत्रात आहे आणि तो घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांनी लिहिलेला. चार शुभवर्तमानं त्याच्याही नंतरची. म्हाइंभट मात्र चक्रधर गेल्यावर चार-सहा वर्षांतच कामाला लागले होते, साक्षीदार जिवंत असताना. तेराव्या शतकातली मराठी बोलणारी माणसं काय खायची, कशावरून भांडायची, रस्त्यात काय बोलायची हे आज आपल्याला कळतं ते त्यामुळे.

पण या ग्रंथालाही एकदा मरण आलं. उत्तरेकडून सुलतानाच्या फौजा आल्या, यादवांचं राज्य गेलं आणि त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली. तोवर बऱ्याच जणांना ती तोंडपाठ होती. पुढच्या पिढीनं आठवून आठवून ती परत लिहिली. त्यातला एक प्रसिद्ध पाठ हिराइसा नावाच्या बाईच्या स्मरणातून आला. पुढे पंथानं आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बाहेरच्या मराठी वाचकाला या खजिन्याचा पत्ताच नव्हता. पोथ्यांत फरक आहेत ते याच प्रवासामुळे, अगदी शेवटच्या लीळांतले सुद्धा.

रिद्धपूरला आज गेलं तर राजमठ बघायला मिळतो, जिथं गोविंदप्रभू राहिले. गावभर लहान लहान ओटे आहेत. इथं बसले, इथं जेवले, इथं खेळले, अशा जागा बांधून काढलेल्या. अकोल्याकडे पातूर तालुक्यातल्या आलेगावातही पंथाचं देऊळ आहे, साळबर्डीला आहे, मेहकरला आहे. कुठल्या जागी काय घडलं, याची यादी ठेवणारा स्थानपोथी नावाचा वेगळा ग्रंथच पंथात आहे. 2024 पासून मराठी भाषा विद्यापीठही रिद्धपुरातच सुरू झालंय.

चक्रधर स्वामींचे ओटे शेकड्यांनी सापडतात. समाधी मात्र एकही नाही.